दहा डब्यांची गिटार

दोस्तांनो, आधी एक कोडं घालतो. पायानं दाबतात, पण सायकल नाही. बॅटरी लागते, पण टॉर्च नाही. एकापुढे एक जोडतात, पण आगगाडीचे डबे नाहीत. आणि ज्याच्याकडे जास्त असतात, तो उगाचच कॉलर ताठ करून हिंडतो! ओळखा पाहू?

नाही आलं? मग चला माझ्याबरोबर नवेगाव बांधला. गोंदिया जिल्ह्यातलं हे गाव तुम्हाला तलावामुळे आणि तिथल्या पाखरांमुळे ठाऊक असेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा मोठा तलाव बांधला, असं सांगतात. १९७५ साली इथं राष्ट्रीय उद्यान झालं. मारुती चितमपल्लींनी इथंच वनाधिकारी म्हणून काम केलं आणि इथल्या पाखरांवर भरभरून लिहिलं. पण आज आपण पाखरांसाठी नाही, गिटारसाठी चाललोय बरं का!

माझी ताई तिथं राहते. गेल्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो, तेव्हा नागपूरहून माझा पुतण्याही बरोबर आला होता. स्वारी अकरावीत. पाठीला इलेक्ट्रिक गिटार आणि हातात एक चपटी सुटकेस. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, दहावीत. त्याच्याकडे एक जुनी साधी गिटार आहे. मंडईच्या दिवसांत गावात जे कार्यक्रम होतात, त्यात तो वाजवतो.

झाडीपट्टीत मंडई म्हणजे काय, ते तिकडच्या मुलांना सांगायला नको. दिवाळी झाली, धान घरात यायला लागलं, की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दंडार होते, रात्रभर नाटकं रंगतात. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची रंगभूमी जागीच असते. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचं मोठं ठाणं. याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या नाटकांत गाणी भरपूर, म्हणून वादकांनाही मोठा मान.

तर संध्याकाळी अंगणात पुतण्यानं सुटकेस उघडली. आत काय? रंगीबेरंगी दहा चपटे डबे! लाल, पिवळा, निळा, नारिंगी. प्रत्येकावर दोन-तीन फिरवायच्या खुंट्या, एक पायानं दाबायचं बटण आणि एक मिणमिणता दिवा. शेजारपाजारची मुलं गोळा झाली. ताईच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, चष्मा सावरत वाकून बघायला लागल्या.

"हा काय मसाल्याचा डबा होय का गा?" त्यांनी विचारलं.

सगळे हसले. पण आजी किती बरोबर बोलल्या होत्या, ते तुम्हाला पुढं कळेलच. कोड्याचं उत्तरही मिळालं ना? हे होते गिटारचे इफेक्ट पेडल!

मोडलेल्या आवाजाची कमाई

इलेक्ट्रिक गिटारची तार हलली की तिच्याखालचं चुंबक आणि तारेचं वेटोळं मिळून विजेची एक बारीकशी लाट तयार करतात. ती लाट अॅम्प्लिफायरमध्ये जाते, मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज येतो. पेडल बसतात ते मध्ये, गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्या वाटेवर. जाता जाता ते लाटेचा आकार बदलतात. लाट बदलली की आवाज बदलला!

पुतण्यानं पहिला डबा दाबला, तो 'फझ'. गिटार एकदम गुरगुरायला लागली. ओसरीवरचं मांजर जे पळालं, ते रात्री जेवणालाच परत आलं.

हा गुरगुराट कसा होतो? पायलीनं धान मोजताना काय करतात, आठवा. पायली शिगोशीग भरतात आणि वरून हात फिरवून रास सपाट करतात. फझ पेडल लाटेचं तसंच करतो. आधी लाट खूप मोठी करतो, आणि मर्यादेच्या वर गेलेला तिचा माथा सपाट छाटून टाकतो. त्या छाटण्यातून मूळ सुराबरोबर आणखी पुष्कळ वरचे सूर जन्माला येतात. म्हणून आवाज खरखरीत आणि जाडजूड होतो.

गंमत म्हणजे याचा शोध बिघाडातून लागला. अमेरिकेत नॅशव्हिल गावच्या स्टुडिओत मार्टी रॉबिन्स या गायकाचं एक गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिन वाजवत होते आणि यंत्रात काहीतरी बिघडलं. आवाज फाटका यायला लागला. दुसरे कुणी असते, तर म्हणाले असते, "पुसून टाका, पुन्हा करू." पण तो फाटका आवाज तसाच ठेवला आणि १९६१ साली ते गाणं गाजलं! मग तिथले तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारं यंत्र तयार केलं. १९६२ साली ते 'मॅस्ट्रो फझ-टोन' नावानं बाजारात आलं. सुरुवातीला त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडच्या कीथ रिचर्ड्सनं एका गाण्यात तो वापरला, आणि मग मात्र दुकानांत झुंबड उडाली.

आ-ऊ-आ!

आता एक प्रयोग करा. तोंडानं 'आ' म्हणा, मग आवाज न थांबवता ओठ गोल करत 'ऊ' म्हणा, आणि पुन्हा 'आ'. सूर तोच राहिला, पण आवाजाचा रंग बदलला ना? तोंडाचा आकार बदलला की त्यातून काही सूर जास्त बाहेर पडतात, काही दबतात.

'वा-वा' नावाचा पेडल हेच करतो. पाय पुढं दाबला की 'आ', मागं घेतला की 'ऊ'. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हे तंत्रज्ञ काम करत होते. त्यांच्या सर्किटमधून हा आवाज निघाला. तो पायानं चालवता यावा म्हणून त्यांनी काय वापरलं असेल? ऑर्गनचा आवाज कमी-जास्त करायचा पायाचा पेडल! म्हणजे गिटारवाल्यांच्या या लाडक्या पेडलची आजी ऑर्गन आहे. आणि झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवाला म्हणजे काय, ते भाच्याला बरोबर ठाऊक. तो लगेच म्हणाला, "मंग तं दादा, तुही गिटार आमच्या ऑर्गनची नात झाली!"

पुतण्याला त्यावर काही बोलता येईना.

याच वा-वा आणि फझच्या जोरावर जिमी हेन्ड्रिक्सनं १९६९ साली वुडस्टॉकचा महोत्सव दणाणून सोडला होता.

बादल्यांची रांग

तिसरी गंमत म्हणजे 'डिले', अर्थात प्रतिध्वनी. एकदा तार छेडली की आवाज पुन्हा पुन्हा येतो, हळूहळू विरत जातो.

हाही प्रयोग तुम्हाला बिनपैशात करता येईल. शाळेच्या मोठ्या भिंतीपासून ३४ मीटर अंतरावर उभे राहा आणि जोरात टाळी वाजवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भिंतीपर्यंत ३४ आणि परत ३४, मिळून ६८ मीटर. म्हणजे ०.२ सेकंदानं टाळी तुमच्याकडे परत येईल. मात्र हा प्रयोग शाळेतच करा हं! जंगलात जाऊन ओरडायचं नाही. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं तुमच्या आवाजाला प्रतिध्वनीऐवजी भलतंच उत्तर यायचं!

पण डब्यात ३४ मीटर जागा कुठून आणणार? आधी लोकांनी टेप वापरली. एका जागी आवाज टेपवर उतरवायचा आणि टेप पुढं सरकली की दुसऱ्या जागी वाजवायचा. १९७४ साली आलेलं जपानच्या रोलंड कंपनीचं 'स्पेस एको' हे तसलंच यंत्र. चांगलं पेटीएवढं मोठं.

त्याआधीच, १९६९ साली, नेदरलँड्समधल्या फिलिप्स कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली होती. गावात आग लागली की लोक विहिरीपासून घरापर्यंत रांग करतात आणि बादल्या हातोहात पुढं देतात. त्यांनी विजेच्या सर्किटात तशीच रांग उभी केली. विजेचा बारीकसा भार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा शेकडो 'बादल्यां'मधून पुढं सरकतो. टोकाला पोचेपर्यंत थोडा वेळ जातो. तोच आपला प्रतिध्वनी! या सर्किटाचं इंग्रजी नावही 'बकेट ब्रिगेड', म्हणजे बादलीवाल्यांची फौज, असंच आहे. पुढं प्रतिध्वनी मुठीएवढ्या डब्यात मावला.

आपला बिनबॅटरीचा पेडल

हे सगळं विलायती वाटतं ना? मग घरात कुणी गाणारं असेल तर त्यांचा तंबोरा नीट बघा. घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो दोरा नेमक्या जागी बसला की तार नुसती 'टण' करत नाही, ती झणझणत राहते. एका सुरातून कितीतरी सूर उमलतात. याला जवारी म्हणतात. मूळ आवाजात नवे सूर मिसळायचे, हेच तर फझवाल्याला हवं असतं. फरक इतकाच, की जवारी गोड आणि बॅटरीचा खर्च नाही! मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या अशी वाद्यं घडवतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

आणि पेडल घडवणारेही आपल्याकडे आहेत बरं. 'अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशन' ही मुंबईची कंपनी गिटारचे पेडल बनवते, आणि परदेशातले वादकही ते विकत घेतात.

पाणी कुठं अडलं?

पुतण्याचा पराक्रम चालू होता. हा डबा असा, तो तसा, हा जपानचा, तो अमेरिकेचा. गिटारवाल्यांची ही सवयच असते. दोघं भेटले की आधी एकमेकांच्या पेडलांकडे बघतात, मग तोंडाकडे. 'माझ्याकडे बारा आहेत,' 'माझा अमुक सालचा आहे,' असं चालतं. मग एकमेकांची थट्टाही करतात. 'हा वाजवत नाही, नुसता पायांनी नाचतो!' किंवा 'ह्याचे डबे वीस, गाणी दोन!' आपल्याकडे सारंगीवाल्यांवरही असा जुना विनोद आहेच, की अर्धं आयुष्य तारा लावण्यात जातं!

तर भर रंगात आलेला असताना पुतण्याची गिटार एकदम मुकी झाली. चूं नाही की चां नाही. त्यानं खुंट्या फिरवल्या, बटणं दाबली. काही नाही. मुलं फिदीफिदी हसायला लागली. त्याचा चेहरा इवलासा झाला.

आता हिशोब करा. दहा पेडल. गिटारपासून अॅम्प्लिफायरपर्यंत किती वायरी? अकरा. प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे बावीस. बावीसपैकी एक टोक जरी ढिलं झालं, तरी सगळं बंद!

भाचा पुढं आला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच हे डबे पाहिले होते. पण तो म्हणाला, "दादा, हे तं आमच्या बांधीसारखं आहे. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत येते. खाली पाणी नाही आलं, तं वर कुठंतरी अडलं. मधल्या बांधीत जाऊन पाहा."

आधी त्यानं गिटार थेट अॅम्प्लिफायरला जोडायला लावली. आवाज आला. म्हणजे गिटार, तिची वायर आणि अॅम्प्लिफायर ठीक. मग गिटार सहाव्या डब्यात जोडली. आवाज आला! म्हणजे सहापासून पुढं सगळं ठीक, दोष अलीकडं. मग चौथ्यात जोडली. आवाज नाही. पाचव्यात जोडली. आवाज आला. म्हणजे एकतर चौथा डबा बिघडला, नाहीतर चौथ्या-पाचव्यामधली वायर. वायर बदलली आणि गिटार बोलायला लागली!

बघा, बावीस टोकं एकेक करून तपासायची गरज पडली नाही. दर खेपेला निम्मा भाग वगळत गेलं की उत्तर झटकन सापडतं. ही युक्ती मोठमोठे इंजिनिअरही वापरतात. शब्दकोशात शब्द शोधताना तुम्हीही तेच करता.

भाजी कोणती आहे?

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग आजी म्हणाल्या, "आता एक पुरं गाणं वाजव ना बाळा."

पुतण्यानं एक तुकडा वाजवला. मग दुसरा, मग तिसरा. सगळे झकास, पण सगळे अर्धवट. तो थांबला. हळूच म्हणाला, "पुरं असं एकही बसवलेलं नाही, आजी."

आजींनी मसाल्याच्या डब्याकडे, म्हणजे त्या सुटकेसकडे बोट दाखवलं. "मसाले तं सारे आणले. भाजी कोणती आहे?"

कुणी हसलं नाही. आजींचं बोलणं थट्टेचं नव्हतं.

पुतण्यानं गिटार भाच्याच्या हातात दिली. सगळे डबे बंद केले. भाच्यानं मंडईत वाजवतो ते एक भजन वाजवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बोटं मध्येमध्ये अडखळली, पण गाणं अडखळलं नाही. दुसऱ्यांदा वाजवताना पुतण्या खाली बसला आणि त्यानं हातानं एकच बटण दाबलं, डिलेचं. खुंटी अगदी थोडी फिरवली. प्रत्येक सुरामागून एक हलकी सावली यायला लागली, जशी तलावावर दिव्याची येते. अंगण गप्प झालं.

"आता झाली भाजी," आजी म्हणाल्या.

अडीच क्विंटल धान

गोष्ट इथं संपली असती, तर बरं झालं असतं. पण रात्री जेवताना भाचा वडिलांना म्हणाला, "बाबा, मले एक असा डबा पाहिजे."

"केवढ्याचा येते?"

"साधा असला तरी पाच-सहा हजाराचा."

भाऊजी बोलले नाहीत. पण मनातल्या मनात त्यांनी काय हिशोब केला, तो मला कळला. सरकारनं २०२४-२५ साठी साधारण धानाला ठरवलेला हमीभाव होता क्विंटलला २३०० रुपये. म्हणजे एक डबा बरोबर अडीच क्विंटलच्या आसपास धान! रोवणी, निंदण, कापणी, मळणी करून पिकवलेलं. भाचाही ताटाकडे बघत राहिला. त्यालाही हा हिशोब येत होता.

थोड्या वेळानं भाऊजी म्हणाले, "पुढच्या मंडईपर्यंत दहा गाणे पुरे बसव. मंग मी तुह्यासंग नागपूरले येतो. तूच पसंत करजो."

'नाही' म्हणाले नाहीत, आणि 'घे' असंही म्हणाले नाहीत. मला ते फार आवडलं. पुतण्या मात्र गप्प होता. त्याच्या सुटकेसमध्ये किती क्विंटल धान होतं, ते बहुधा तो पहिल्यांदाच मोजत होता.

पालकांनो, मुलं असं काही मागतात तेव्हा 'कसले ते डबे!' म्हणून उडवून लावू नका. एक साधा जुना फझ पेडल, इंग्लंडमध्ये १९६६ साली निघालेला 'फझ फेस', उघडून पाहिला तर आत असतात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन खुंट्या. बस्स! विज्ञानाच्या शिक्षकांची मदत घेऊन नववी-दहावीची मुलं असा डबा स्वतः जोडू शकतात. विज्ञान प्रदर्शनाला यापेक्षा सुरेल प्रकल्प कुठला?

आणि मुलांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रयोग करायचा तो ९ व्होल्टच्या बॅटरीवरच. घरातल्या विजेवर चालणारा अॅम्प्लिफायर कधीही उघडायचा नाही, कारण बंद केल्यावरही त्यात धक्का बसण्याइतका भार उरलेला असू शकतो. दुसरी गोष्ट कानांची. वाजवून झाल्यावर कानात 'कुईं' असा आवाज येत राहिला, तर समजा की आवाज फार मोठा होता. बिघडलेला पेडल दुरुस्त होतो, कान होत नाही.

निघताना पुतण्यानं एक गोष्ट केली. बिघडलेली ती वायर आणि एक जुना डबा भाच्याजवळ ठेवला. "हा मंडईपर्यंत तुझ्याकडे राहू दे. वायर दुरुस्त करून ठेव. आणि ते भजन मला फोनवर शिकव, पूर्ण."

"कायले गा दादा? तुहे तं दहा डबे आहेत!"

"आता नऊ," पुतण्या म्हणाला, "आणि गाणं एक."

आता भाच्याची आठ गाणी बसली आहेत. पुतण्याची तीन. पण तिन्ही पुरी, बरं का!

तुमच्याकडेही असतील ना असे डबे? गिटारचे नसतील, तर रंगांचे, नाहीतर क्रिकेटच्या बॅटींचे. ते जरूर मिरवा. मित्रांना दाखवा, थट्टा करा, थट्टा सोसा. त्यात मजाच असते. फक्त कधीतरी आजींचा प्रश्न स्वतःला विचारून बघा:

भाजी कोणती आहे?